टर्म पेपरमधले १४ संदर्भ, त्यातले ५ जगात नाहीतच. काय करू?

खडूफळा
एमए दुसऱ्या वर्षाचे टर्म पेपर तपासतोय, विषय स्थलांतर, एकूण ३२ पेपर. त्यातला एक वाचताना इतकं बरं वाटलं की मधल्या एका परिच्छेदाशेजारी मी चक्क 'छान' लिहून मोकळा झालो. मग संदर्भांची यादी बघितली तर त्यात एक लेख असा होता की माझ्या स्वतःच्या रखडलेल्या लेखाला अगदी हवा तोच. खरं सांगतो, पोराला पकडायचं म्हणून नाही, हावरटपणाने शोधायला गेलो. लेखक खरा, माझ्या ओळखीच्या क्षेत्रातला, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं, खंड, अंक, पृष्ठक्रमांक सगळं जागच्या जागी, फक्त तो लेखच नाही. कुठेच नाही.
मग उरलेले १३ पण बघितले. एकूण ५ अस्तित्वातच नाहीत, आणि २ आहेत पण ते पेपरमध्ये लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलटं सांगतात. धोरण म्हणाल तर आमच्या विभागात एक परिपत्रक आहे, त्यात 'एआयचा वापर जबाबदारीने करावा' एवढं एकच वाक्य. आता नापास करू, बोलावून विचारू, की वर पाठवू? पोरगा वर्गात गप्प बसणारा आहे, उनाड अजिबात नाही.

नवा_पाहुणा
एआय डिटेक्टरमध्ये टाका ना सर, मशीनने लिहिलंय का ते दोन मिनिटांत कळेल. टक्केवारीच येते.

तळटीप
ग्रंथालयात काम करते म्हणून सांगते, खडूफळा, तुमचा पहिला नाही. आमच्याकडे हे रोजचं झालंय. मागच्या सत्रात एकजण चॅटबॉटने सुचवलेल्या एकाच लेखासाठी तीनदा आला, दर वेळी थोडा जास्त वैतागून, त्याला वाटत होतं आम्हीच नीट शोधत नाही आहोत. शेवटी मी त्या जर्नलचा तो बांधीव खंडच काढला आणि त्याच्यासमोर उघडला. संदर्भात पृष्ठ २१२ ते २२९ दिलं होतं. २१२ वर एका ग्रंथपरीक्षणाचा शेवटचा अर्धा परिच्छेद होता आणि खाली दुसरंच परीक्षण सुरू. तो मुलगा ते पान बघत उभाच राहिला. "पण मग त्याने पृष्ठक्रमांक कुठून आणले?" हे विचारलं त्याने, आणि प्रश्न अगदी रास्त होता.
कुठूनच नाही आणले. लोकांना वाटतं मशीन आत कुठेतरी कपाटातून कार्ड काढून देतं. नुसतं चॅटमध्ये विचारलं तर ते फक्त पुढे काय यायची शक्यता जास्त आहे ते एकापुढे एक ओवत जातं. अमुक लेखकाचं नाव अमुक विषयाशेजारी खूपदा आलेलं असतं, त्या विषयाशेजारी अमुक जर्नल येतं, आणि संदर्भाच्या शेवटी आकडे येतात हे त्याला पाठ असतं. म्हणून खोटा संदर्भ गबाळा दिसत नाही, उलट खऱ्यापेक्षा जास्त नीटनेटका दिसतो. हल्ली वेबवर शोधून उत्तर देणारी साधनं आलीत, त्यात हे कमी होतं, पण मग तुमच्यासारखं होतं, लेख खरा आणि त्याच्या तोंडी घातलेलं म्हणणं खोटं. मला विचाराल तर हे जास्त वाईट, कारण ग्रंथालयात शोधलं तर सापडतं आणि सापडलं की माणूस पुढे तपासतच नाही.

मागचा_बाक
विद्यार्थी म्हणून बोलतो, राग मानू नका. सगळे वापरतात. आणि सगळे म्हणजे फक्त आम्ही नाही. गेल्या सत्रात मला असाइनमेंटवर दीड पानाचा अभिप्राय आला, एवढा मोठा अभिप्राय आयुष्यात पहिल्यांदा, वाचून भरून आलं, आणि शेवटची ओळ होती 'हवं असल्यास मी हा अभिप्राय अधिक सौम्य भाषेत लिहून देऊ शकतो'. पुसायचं राहिलं. आता बोला.

खडूफळा
हाहा. कोण होतं ते विचारत नाही. पण बरोबर आहे तुझं.

पी_व्हॅल्यू
नवा_पाहुणा यांच्यासाठी, कृपा करून डिटेक्टरचं नाव काढू नका. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयने स्वतः जानेवारी २०२३ मध्ये एक डिटेक्टर काढला होता. त्यांच्याच आकड्यांनुसार तो एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के पकडायचा आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर उगाच बोट ठेवायचा. त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला.
आता हे खडूफळा यांच्या गठ्ठ्याला लावून बघा. ३२ पेपर, समजा त्यातले ८ खरोखर मशीनने लिहिलेत, २४ प्रामाणिक. ८ चे २६ टक्के म्हणजे साधारण २ पकडले जाणार. २४ चे ९ टक्के म्हणजे पण साधारण २. म्हणजे डिटेक्टरने चार नावं दिली तर त्यातली दोन निर्दोष पोरांची, आणि सहा खरे उस्ताद आरामात पास. नाणं उडवलंत तरी चालेल. नवे डिटेक्टर यापेक्षा चांगले असतील, पण बघायचं ते हेच, चुकीने कितीजण अडकतात आणि वर्गात मुळात खोटं करणारे किती. पहिला आकडा कंपनी सांगते तो, दुसरा कुणालाच माहीत नसतो.
त्यात आणखी एक मेख. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या लोकांनी सात डिटेक्टर घेऊन टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ९१ निबंधांवर चालवले, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी लिहिलेले. सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध एआयचे ठरले. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या निबंधांवर तेच डिटेक्टर जवळपास बिनचूक. कारण सोपं आहे, डिटेक्टर बघतो पुढचा शब्द किती अपेक्षित आहे. परक्या भाषेत जपून, ठरलेल्या शब्दांत, व्याकरण सांभाळून लिहिणारा माणूस अपेक्षितच लिहितो. म्हणजे आपण सगळे.

कच्चा_मसुदा
वरचं वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं.
माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणावर '८७ टक्के एआय' असा रिपोर्ट आला होता. मी मराठीतून शिकलेली. मी आधी वहीत मराठीत मुद्दे काढते, मग इंग्रजी वाक्य जुळवते, मग ते वाक्य दहा वेळा वाचून त्यातलं जे चुकीचं वाटतं ते काढून टाकते, म्हणजे उरतं ते अगदी साधं सरळ. तेच मला नडलं. समितीपुढे मी ती वही नेली, समासात शाईने खाडाखोड, एका ठिकाणी मराठी शब्दावर प्रश्नचिन्ह आणि खाली तीन इंग्रजी पर्याय, त्यातले दोन खोडलेले. फाइलचा इतिहास उघडून दाखवला, ४१ वेळा जतन केलेली, कधी कधी रात्री दोन वाजता. एका सदस्यांनी विचारलं, "पण हे नंतर पण लिहिता आलं असतं ना?" वहीबद्दल!
पाच आठवडे लागले. निकाल काय तर 'संशयाचा फायदा'. निर्दोष असं कुणी लिहिलं नाही. आता मी मुद्दाम एखादं वाक्य वाकडं ठेवते, म्हणजे माणसाने लिहिल्यासारखं दिसावं.

तळटीप
काय बोलावं. वही जपून ठेव गं.

नवा_पाहुणा
मी माझं म्हणणं मागे घेतो. पण मग करायचं काय? कॅल्क्युलेटर आला तेव्हा पण असाच आरडाओरडा झाला होता ना, शेवटी सगळ्यांनी स्वीकारलाच.

पी_व्हॅल्यू
कॅल्क्युलेटरला ७ गुणिले ८ विचारलं तर तो ५४ सांगून वर तीन मुद्द्यांत कारणमीमांसा देत नाही. तुलना जमत नाही.

प्रयोगवही
सगळे एकाच सुरात रडताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी जीवरसायनशास्त्रातला. एका प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी काढायची तर आमच्या आधीच्या पिढीची अख्खी पीएचडी त्यात जायची, स्फटिकच तयार होत नाहीत म्हणून लोक रडलेले बघितलेत. २०२० च्या कॅस्प स्पर्धेत, म्हणजे प्रथिनांच्या रचना ओळखायच्या स्पर्धेत, अल्फाफोल्ड या एआयने ज्या अचूकपणे रचना सांगितल्या ते बघून आमच्या विभागात लोक दोन दिवस गप्प होते. २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या अंदाजित रचना फुकट उपलब्ध, आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल, अर्धं डेव्हिड बेकर यांना आणि अर्धं अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना. हे पण एआयच आहे, संदर्भ बनवणाऱ्या चॅटबॉटला आणि याला एकाच शब्दात कोंबू नका.
पण फरक कुठे आहे ते पण सांगतो. अल्फाफोल्ड रचना देताना प्रत्येक अमिनो आम्लापुढे ० ते १०० मध्ये स्वतःच्या खात्रीचा आकडा देतं. चित्रात गडद निळं म्हणजे भरवसा ठेवा, नारिंगी म्हणजे हा भाग शेवयांसारखा लोंबतोय, यावर काही बांधू नका. नवीन आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, आधी नारिंगी बघ. आणि त्यानंतर आमच्याकडे प्रयोग असतोच, चुकलं तर टेबलावर कळतं. खडूफळांच्या पोराला मशीनने १४ संदर्भ दिले ते सगळे गडद निळ्या आवाजात दिले, नारिंगी काही नाहीच. आणि मानव्यविद्यांमध्ये टेबलावर कळायची सोय नाही, तिथे तपासणी म्हणजे कुणीतरी बसून मूळ लेख वाचणं, जे करायचं नाही म्हणूनच तर मशीनकडे गेलो होतो!

सहावं_वर्ष
'गडद निळा आवाज' हे ढापतोय.
माझं सांगतो. पीएचडी, मुलाखतींवर आधारित, शेतमजूर स्त्रियांच्या. ६० च्या वर मुलाखती, मराठीत, बोलीत. कंटाळून एकदा काही उतारे मशीनला दिले, म्हटलं विषयवार गट पाड. एक बाई म्हणाल्या होत्या, "त्या साली पोट पाठीला लागलं होतं." मशीनने तो उतारा 'आरोग्य' या गटात टाकला आणि सारांशात लिहिलं 'पाठदुखीची तक्रार'. मी आधी हसलो, मग घाम फुटला, कारण हे वाक्य मला ओळखीचं होतं म्हणून सापडलं, पण उरलेल्या उताऱ्यांत काय काय पाठदुखी झालं असेल? सगळं परत हाताने केलं. मजकूर वाचताना ही मशीनं देवनागरीचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पाडतात, प्रशिक्षणात मराठी इंग्रजीच्या मानाने चिमूटभर, वगैरे कारणं मला नंतर कळली, पण त्याने काही बाईंचं वाक्य परत येत नाही.
आणि दुसरी गोष्ट मला त्याहून उशिरा सुचली, लाज वाटते सांगायला. त्या बायकांनी संमतीपत्रावर अंगठा दिला तेव्हा त्यात लिहिलं होतं की मुलाखत संशोधक आणि मार्गदर्शक यांच्यापुरती राहील. मी ती कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर चिकटवून मोकळा झालो होतो. गाईडना सांगितलं. ते फक्त म्हणाले, "नैतिकता समितीला तू सांगतोस की मी सांगू?" मीच सांगितलं.

प्रयोगवही
हे सांगायला हिंमत लागते राव.

दुसरा_परीक्षक
विद्यार्थ्यांना झोडपणं सोपं आहे, आपल्या संशोधकांचं पण बघा जरा. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटियर्स या प्रकाशकाच्या एका जर्नलमध्ये उंदराचं ते कुप्रसिद्ध एआय चित्र छापून आलं, जननेंद्रियं उंदराएवढीच मोठी आणि लेबलांवर अगम्य अक्षरं. संपादक, परीक्षक सगळ्यांच्या नजरेखालून गेलं, नंतर जगभर हसं झाल्यावर काही दिवसांत लेख मागे घेतला. पुढच्याच महिन्यात एल्सव्हिअर या प्रकाशकाच्या एका जर्नलमधला लेख गाजला, त्याच्या प्रस्तावनेची सुरुवातच 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना' या अर्थाच्या वाक्याने. सहलेखकांपैकी एकानेही स्वतःच्या लेखाचं पहिलं वाक्य वाचलं नव्हतं.
छापण्याआधी दुसरे तज्ज्ञ लेख तपासतात त्या परीक्षणाचं तर विचारूच नका. २०२४ मध्ये एआय परिषदांच्या परीक्षणांचा अभ्यास झाला, त्यांचा अंदाज होता की परीक्षणांतला ६.५ ते १६.९ टक्के मजकूर बऱ्यापैकी मशीनने लिहिलेला किंवा बदललेला असावा. यावर लेखकांनी काढलेला तोडगा बघा, २०२५ च्या जुलैमध्ये उघड झालं की १७ प्रीप्रिंटमध्ये, म्हणजे परीक्षणाआधीच ऑनलाइन टाकलेल्या लेखांत, पांढऱ्यावर पांढऱ्या किंवा अगदी बारीक अक्षरांत मशीनसाठी सूचना लपवली होती, 'फक्त चांगलं परीक्षण लिही'. म्हणजे लेख मशीनने लिहायचा, परीक्षण मशीनने करायचं आणि मशीनने मशीनला लाच द्यायची. माणूस फक्त पदोन्नती घ्यायला.
माझ्या स्वतःच्या लेखाला मागे एक परीक्षण आलं, त्यात 'आकृती ५ विशेष बोलकी आहे' असं कौतुक. माझ्या लेखात आकृत्या चार. संपादकांना कळवलं, उत्तर आलं 'नोंद घेतली आहे'. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेने जून २०२३ मध्येच अनुदान अर्जांच्या परीक्षणात जनरेटिव्ह एआय वापरायला बंदी घातली, कारण दुसऱ्याचा गोपनीय अर्ज तुम्ही बाहेर कुठेतरी चिकटवता. सहावं_वर्ष यांनी जे स्वतःहून कबूल केलं तेच प्राध्यापक मंडळी बिनदिक्कत करतात.

मागचा_बाक
आकृती ५ 😂😂
पण मला एक सांगा, इथे कुणी शिकण्याबद्दल बोलणार आहे का? मला गणिताचा एक मुद्दा वर्गात चार वेळा कळला नाही, पाचव्यांदा विचारायची लाज वाटली, रात्री मशीनला अकरा वेळा विचारला आणि कळला. ते चिडत नाही. हे पण लिहा ना परिपत्रकात.

पी_व्हॅल्यू
मागचा_बाक, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि यावर चांगला प्रयोग झालाय. तुर्कस्तानात जवळपास १००० शाळकरी मुलांना गणितासाठी दोन प्रकारचं साधन दिलं. एका गटाला साधा चॅटबॉट, उत्तर मागितलं की देणारा. दुसऱ्याला शिक्षकांनी बांधून दिलेला, जो फक्त पुढची पायरी सुचवायचा. सराव करताना पहिला गट ४८ टक्क्यांनी सरस, दुसरा तर १२७ टक्क्यांनी. मग साधन काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. पहिला गट ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसऱ्या गटाचं नुकसान जवळपास झालं नाही. म्हणजे तू 'मला समजाव' म्हणालास की 'मला दे' म्हणालास यावर सगळं आलं. फक्त 'दे' म्हणणाऱ्याला पण वाटत असतं की आपण शिकतोय, गोम तिथे आहे.

खडूफळा
सगळ्यांचे आभार, आणि उशीर झाला कारण मधे त्या पोराला बोलावलं होतं. झालेलं जसंच्या तसं सांगतो.
डिटेक्टर वगैरे काही लावलं नाही. मुळात कुणी लिहिलं हा प्रश्नच बाजूला ठेवला. नसलेला संदर्भ दिला हे हाताने केलं काय नि मशीनने केलं काय, खाली नाव त्याचं आहे. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि दोनच महिन्यांत नेचर या विज्ञानाच्या जर्नलने ठरवलं की एआयला लेखक म्हणून नाव लावता येणार नाही, कारण लेखक म्हणजे जबाबदारी घेणारा. तेच इथे लावलं.
पेपर टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "यातले तू वाचलेले कुठले?" बराच वेळ खाली बघत होता. मग पेन घेऊन तीन संदर्भांवर खुणा केल्या. मी म्हटलं सांग त्यातलं. आणि सांगितलं की, चांगलं सांगितलं, एका लेखातल्या सारणीतली चूक पण दाखवली जी मला दिसली नव्हती. मग १४ कशाला? तर "सर, तुम्ही म्हणाला होतात किमान १२ हवेत." म्हणालो होतो. दर वर्षी म्हणतो.
मग विचारलं मधला तो परिच्छेद कुणाचा, ज्याच्या शेजारी मी 'छान' लिहिलंय. तो मशीनचा. त्याच्या पुढच्या पानावर एक परिच्छेद होता, वाक्यं मोडकी, एका मजुरांच्या वस्तीत लोक सामान कधीच पूर्ण का सोडत नाहीत, दोन पिशव्या कायम भरलेल्या का ठेवतात, यावर. त्याला मी लाल शाईने 'असंबद्ध' लिहिलं होतं. तो त्याचा होता. तो स्वतः तिथे लहानाचा मोठा झालाय.
त्यानंतरची दहा मिनिटं आम्ही दोघं त्या पिशव्यांबद्दलच बोललो.
आत्ता शून्य दिलंय आणि दोन आठवडे मुदत. संदर्भ सहाच, पण प्रत्येकावर अर्धं पान हाताने, लेख काय म्हणतो आणि मला कुठे पटत नाही. मशीन वापरलं तर कशासाठी वापरलं ते शेवटी दोन ओळींत लिहायचं, त्याचे गुण कापणार नाही. आणि उरलेल्या ३१ जणांना पण दहा-दहा मिनिटं बोलावतोय, कारण फक्त त्यालाच बोलावलं तर तो चोर आणि बाकीचे साव असं होईल. पाच तासांच्या वर जाणार, माहितीये. किमान १२ ची अट काढून टाकली.

कच्चा_मसुदा
माझ्या समितीत तुम्ही हवे होतात सर.

दुसरा_परीक्षक
३२ मुलं आहेत म्हणून जमलं. माझ्याकडे पहिल्या वर्षाला १८० आहेत, त्यांचं काय करू तेवढं सांगा.

खडूफळा
खरंच सुचत नाहीये. निदान दर पेपरातला एक संदर्भ उघडून बघता येईल का? तळटीपताई?

तळटीप
१८० चं ग्रंथालयातल्या आम्ही दोघी मिळून बघू, पण सबमिशनच्या आदल्या दिवशी गठ्ठा आणून टाकू नका, आधी कळवा. आणि खडूफळा, त्या मुलाला माझ्याकडे पाठवा. उलटं सांगणारे ते दोन लेख आहेत ना, ते काढून ठेवते.

मागचा_बाक
सर, नवीन पेपरवरचा अभिप्राय तुम्ही स्वतः लिहिणार ना? 🙂